तुमचा फोन तुम्हाला कुठला समजतो?

तुम्ही बेंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये राहता, पण फोनची भाषा मराठी ठेवली आहे. मग नवीन अ‍ॅप उघडल्यावर ते तुमच्याशी कन्नडमध्ये का बोलत नाही? कारण नीट बनवलेले अ‍ॅप भाषा ठरवताना तुमचा पत्ता बघत नाही. ते फोनला विचारते, "यांचे लोकेल काय?" उत्तर येते चार अक्षरांत: ‘एमआर’ म्हणजे मराठी, ‘आयएन’ म्हणजे भारत.

या चार अक्षरांवर बरेच काही ठरते. घरातल्या कुणाच्या फोनवर ‘इंग्लिश (यूएस)’ असेल, तर ०३/०४ म्हणजे ४ मार्च! आपण ती ३ एप्रिल समजणार. डॉक्टरांची अपॉइंटमेंट असेल तर महिनाभराचा घोळ. पैशांचेही तसेच. आपले १,२५,००० तिथे १२५,००० होतात आणि आजोबा स्वल्पविराम शोधत शून्ये मोजत बसतात. अशा वेळी फक्त ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा, भाषा तीच राहते.

हे सगळे नियम येतात कुठून? युनिकोड संस्थेचा ‘सीएलडीआर’ नावाचा मोठा संग्रह आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही तो वापरतात. गंमत म्हणजे त्यात हिंदीसाठी इंग्रजी अंक धरले आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. म्हणून फोन मराठीत केला की कितीतरी ठिकाणी १, २, ३ दिसू लागतात. मला तर ते फार आवडते.

आता आपला लाडका ‘ळ’. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’च्या नंतर. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमने लोकेल विचारलेच नाही, तो नावांच्या यादीत ‘काळे’ आधी लावतो आणि ‘कासार’ नंतर. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने आधी कासार यायला हवेत. शाळेच्या हजेरीपटात किंवा मतदारयादीत नाव शोधणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

सगळा फोन मराठीत नको असेल तरी हरकत नाही. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी ठेवता येते, अर्थात त्या अ‍ॅपने सोय दिली असेल तर. सेटिंग्जमध्ये ‘भाषा’ शोधा. आईचे कॅलेंडर मराठीत, तुमचे ऑफिसचे मेल इंग्रजीत, फोन एकच.