जोडावरची सुरी

डिसेंबर 1967 मध्ये लंडनहून जिमी हेंड्रिक्सची ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ ही रेकॉर्ड निघाली. कव्हरवर विष्णूचं विराट रूप आणि त्याच्या मधोमध हेंड्रिक्स व त्याचे दोन साथीदार. आपल्याकडच्या छापील देवचित्रावरून डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ यांनी ते बेतलं. तिघांचे चेहरे लॉनं कार्ल फेरिसच्या छायाचित्रावरून रंगवले. हेंड्रिक्सला ते रुचलं नाही. त्याचं नातं अमेरिकेतल्या आदिवासी पूर्वजांशी होतं, भारताशी नव्हे. पण चित्र नजर धरून ठेवतं, कारण जोड सापडत नाही.

असे जोड देण्याची सवय आपल्याकडे जुनी. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये गिरगावात शिळाछापखाना काढला. रंगागणिक वेगळा दगड, पण प्रती स्वस्त. देव घरोघरी पोचले आणि लोकांनी त्यांना कात्री लावली. कुणी देवीच्या साडीवर जर-टिकल्या चिकटवल्या, कुणी कृष्ण कापून युरोपातल्या डोंगर-तळ्याच्या चित्रावर बसवला. कला-इतिहासकार ज्योतींद्र जैन यांनी या कोलाजांचा आस्थेनं अभ्यास केला. अतिवास्तववादी माक्स अर्न्स्टनं जुन्या छापचित्रांचे तुकडे जोडून पक्ष्याच्या डोक्याची माणसं घडवली आणि 1934 मध्ये त्यांची चित्रकादंबरी काढली, त्याच्या कितीतरी आधीची ही कात्री.

मात्र कापणं सोपं. कस लागतो तो जोडाशी. अर्न्स्ट आपलं कोलाज छापून लोकांपुढे ठेवी, त्यामुळे कागदाच्या कडा छपाईत विरून जात. मुंबईत दिवाकर करकरे यांनी वेगळी वाट काढली.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या करकऱ्यांच्या ‘स्टुडिओ दिवाकर’मधून ‘दीवार’ (1975), ‘सत्यम शिवम सुंदरम’ (1978) अशा चित्रपटांची पोस्टर्स निघाली. सिनेमाचे स्थिरफोटो मोठे करायचे, कापायचे, मांडणीत चिकटवायचे. पण एक चेहरा स्टुडिओतल्या दिव्याखालचा, दुसरा उन्हातला. एक प्रचंड, दुसरा वीतभर. या बेबनावावर ते पॅलेट नाइफनं जाड रंगाचे फटकारे ओढत. गालावरचा लाल पट्टा पार्श्वभूमीत धावे, तिथून दुसऱ्याच्या खांद्यावर उतरे, आणि निरनिराळ्या दिवशी काढलेले फोटो एकाच आगीत उजळल्यासारखे दिसत. जोड लपे आणि हात दिसे. अशी पोस्टरची चित्रं लाँग-प्लेच्या बारा इंची चौकोनावरही येत. गाणं ऐकताना तो चौकोन मांडीवर घेऊन बघत बसायचा.

हा चौकोन आधी कॅसेटच्या डबीत आक्रसला, आता मोबाइलवर नखाएवढा झालाय. नव्वदीच्या दशकात संगणकावरची मांडणी आणि डिजिटल छपाई आली, हातानं रंगवलेली पोस्टर्स मागे पडली. पोस्टरची मूळ चित्रं काम झाल्यावर जपायची रीतच नव्हती. आज त्या सुरीचा फटकारा शिकू पाहणाऱ्याला बहुतेक वेळा छापील प्रतच हाती लागते, तीही घडीवर फाटलेली.

आता विनाइल पुन्हा निघतंय, बारा इंच परत आलेत. पण जुन्या छापील कागदांचं कोलाज पुन्हा छापणं जिकिरीचं. वडाळ्यात नायगाव क्रॉस रोडवरच्या रॉयल इंडस्ट्रियल इस्टेटसारख्या जागी, जिथे छापखाने दाटीनं आहेत, ही अडचण कुणालाही ठाऊक असेल. जुन्या चित्रात आधीच ठिपक्यांची जाळी असते. ते स्कॅन करून नवी जाळी टाकली की दोन्ही जाळ्या एकमेकींवर चढतात आणि चेहऱ्यावर लाटा उमटतात. त्याला मॉयरे म्हणतात. ते टाळायला चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवतात: काळा 45 अंशांवर, मॅजेंटा 75, सायन 15, पिवळा शून्य. जुने ठिपके त्या हिशेबात बसत नाहीत. स्कॅन मऊ केला की लाटा जातात, पण कागदाचा खरखरीतपणाही जातो, ज्यासाठी जुना कागद निवडलेला असतो.

शिवाय हक्कांचा प्रश्न. रविवर्मा 1906 मध्ये वारले. त्यांची चित्रं खुशाल कापावीत. छायाचित्रावरचा हक्क मात्र छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. त्यामुळे ‘दीवार’चे स्थिरफोटो आज परवानगीवाचून कापता येत नाहीत, आणि कव्हर करणाऱ्याला कात्री उचलण्याआधी मालकाचा पत्ता शोधावा लागतो.