हिमप्रदेशांतील घसरगाडी व तिचे कुत्रे

उत्तर ध्रुवाजवळील प्रदेशांत चाकाचा उपयोग नाहीं. भुसभुशीत हिमांत चाक रुततें. आणि घोड्याबैलांना तेथें चारा तरी कोठून मिळावा? म्हणून तेथील लोकांनीं दोन लांब पट्ट्यांवर घसरणारी बिनचाकी गाडी केली व तिला कुत्रे जुंपले. या गाडीस स्लेज म्हणतात. धनी जें सीलचें मांस व मासे खातो, त्यांतच कुत्र्याचाहि वांटा असतो. अंगावर केंसांचें दुहेरी आवरण असल्यामुळें तो उघड्या हिमांत नाकावर शेपूट घेऊन खुशाल झोंपतो.

ही सोबत फार जुनी आहे. सैबीरियाच्या उत्तरेस झोखोव्ह नांवाचें बेट आहे. तेथील सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या वस्तींत स्लेजचे अवशेष व कुत्र्यांचीं हाडें सांपडलीं. त्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य शास्त्रज्ञांनीं तपासलें, तेव्हां ग्रीनलंडमधील आजच्या कुत्र्यांशीं त्यांचें नातें असल्याचें २०२० सालीं प्रसिद्ध झालें.

जुंपण्याच्या रीती मुख्यतः दोन. ग्रीनलंडच्या मोकळ्या समुद्रबर्फावर प्रत्येक कुत्र्यास निराळी दोरी असून ते पंख्यासारखे पसरून धांवतात. आलास्काच्या झाडींतून मात्र एका लांब दोरीला जोड्या बांधतात. आमच्या बालवाचकांस नवल वाटेल तें हें कीं, हांकणाऱ्याच्या हातीं लगाम नाहीं, कासराहि नाहीं. ‘जी’ म्हटलें कीं उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलें कीं डावीकडे, इतकेंच. शब्द ऐकून वळतो तो पुढारी कुत्रा. इतर त्याच्यामागें जातात.

या पुढाऱ्याची योग्यता १९२५ सालीं जगास कळली. त्या वर्षींच्या जानेवारींत आलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची सांथ आली व कांहीं बालकें दगावलीं. डॉक्टर कर्टिस वेल्श यांच्याजवळ ताजें औषध नव्हतें. समुद्र गोठलेला, आगगाडी नेनानापर्यंतच, आणि तेथून नोम ६७४ मैल! तेव्हां वीस हांकणाऱ्यांनीं सुमारें १५० कुत्र्यांनिशीं तें औषध हातोहात पुढें नेलें. अंधार, वादळ व हाडें गोठविणारी थंडी यांतून त्यांनीं हा मार्ग साडेपांच दिवसांत तोडला. सर्वांत बिकट टप्पा लिओनार्ड सेपाला यांचा. त्यांचा पुढारी टोगो वयानें उतरलेला होता, तरी फुटूं पाहणाऱ्या समुद्रबर्फावरून त्यानें गाडी पार नेली. औषधासह त्यांनीं ९१ मैल कापले. शेवटीं २ फेब्रुवारीस पहांटे गुन्नार कासेन यांची गाडी नोममध्यें शिरली. तिचा पुढारी बाल्टो. औषध गोठलें होतें, परंतु वितळल्यावर उपयोगी पडलें व सांथ आटोक्यांत आली. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या उद्यानांत पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. बाल्टोनें सोपें काम केलें असें नव्हे. पण आमच्या मतें पहिला मान टोगोचा होता.

या इतिहासाची दुसरी बाजूहि मुलांपासून लपवूं नये. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचले तें कुत्र्यांच्याच बळावर. तळावरून ५२ कुत्रे निघाले. परत आले अकरा. पुष्कळांना वाटेंत ठरवून मारून त्यांचें मांस माणसांनीं व उरलेल्या कुत्र्यांनीं खाल्लें. हा बेत निघण्यापूर्वींच आंखलेला होता. पांचहि माणसें सुखरूप परतलीं. त्याच ध्रुवावरून परततांना कप्तान स्कॉट व त्यांचे चारहि सोबती मृत्यु पावले. त्यांनीं परतीच्या वाटेवर आपल्या गाड्या स्वतःच ओढल्या होत्या. कोणाचें करणें बरें, हें ठरवितांना आम्हांस अद्यापि अडखळावयास होतें.

१९६० नंतर हिमावर चालणाऱ्या मोटारी आल्या व बहुतेक गांवांतून कुत्रे मागें पडले. परकी प्राणी नकोत या नियमानें १९९४ पर्यंत दक्षिण ध्रुवखंडांतील कुत्रेहि हलविण्यांत आले. आलास्कांत मात्र १९७३ पासून नोमपर्यंत सुमारें हजार मैलांची शर्यत होते, आणि तेथील देनाली राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक आजहि हिवाळ्यांत कुत्र्यांच्या गाडीनेंच गस्त घालतात.