सुटा चहा घेताय? आधी पिशवी बघा

कारखान्यातून निघताना चहा पावडरीत पाण्याचा अंश जेमतेम 3 टक्के असतो. त्यामुळे ती हवेतला ओलावा पटकन ओढते, शेजारच्या हिंग-मसाल्याचा वासही. पावसाळ्यात किलोभर सुटा चहा घेतला आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवला, तर पैसे वाचतात, स्वाद जातो. असल्या पिशवीतून वास सहज आरपार होतो. ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीट ओलावा, हवा आणि उजेड तिन्ही अडवतं. मात्र फोडल्यावर नुसतं रबर लावून भागत नाही. ते पाकिटासकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावं. काचेची बरणी दिसते छान, पण कपाटातच बरी. डबा गॅसजवळ नको आणि फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढून उघडला की थंड पावडरीवर दमट हवेतलं पाणी धरतं. चमचाही कोरडाच हवा.