मोटारीचा दम आणि मोटारीचे गाणे

बालाघाटाहून बैहरकडे येणारा रस्ता घाट चढू लागला म्हणजे लहान मोटारीचा दम कसा कोंडतो, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. आत पाच माणसे, मागे धान्याचे पोते, आणि चालक दुसऱ्या गिअरवर गाडी रेटीत असतो. अशा वेळी घरातील तरुण चिरंजीव म्हणतात, "बाबा, हिला टर्बो बसवू या. मी घरीच बसवतो." त्याच बोलण्यात पुढे मोठ्या स्पीकरांचीही मागणी येते. या दोन्ही मागण्यांचा विचार शांतपणे व्हावा, म्हणून हा लेख.

टर्बो म्हणजे काय, हे प्रथम पाहू. इंजिनाची ताकद केवळ पेट्रोलावर अवलंबून नसते. पेट्रोल जाळण्यास हवा लागते आणि साधे इंजिन आपल्या ओढीने मिळेल तेवढीच हवा आत घेते. धुराच्या नळीतून मात्र तप्त वायू मोठ्या वेगाने वाया जात असतो. त्या वायूने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंच शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे त्याची ताकद टिकते, हे दाखविले. तेव्हा चढावर टर्बो उपयोगी पडतो, हे चिरंजीवांचे म्हणणे खोटे नाही.

परंतु हवा दाबली की ती तापते. तापलेली, दाबलेली हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगी पडण्यापूर्वी किंवा पडताच भलत्या जागी भडकते. इंजिन ठणठण वाजू लागते आणि थोड्याच दिवसांत पिस्टन फुटतो. म्हणून टर्बोसाठी बनविलेल्या इंजिनाचे पिस्टन, तेलाची वाट, हवा थंड करणारी जाळी, इंधन मोजणारा संगणक, हे सारे आधीपासून त्या हिशेबाने केलेले असते. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल क्षणभर आटले तरी दांडा गेलाच. अंगणात पान्हे मांडून बसलेल्या मुलाजवळ हौस असेल, हातही चांगला असेल. पण या मापांचे साधन त्याच्याजवळ नसते.

मोठ्या कारखान्यांनाही हे सहज साधले नाही. १९६२ साली अमेरिकेतील ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आणली. इंजिन ठणकू नये म्हणून तीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून फवारले जाई. मालकांना ती टाकी भरण्याची आठवण राहीना, तक्रारी वाढल्या आणि १९६३ नंतर ती मोटार बंद झाली. पुढे कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो स्वतःच काढून दिले.

ज्यांच्या डिझेल गाडीत कारखान्यातूनच टर्बो आला आहे, त्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. घाट चढून आल्यावर इंजिन ताबडतोब बंद करू नये. मिनिटभर मंद चालू ठेवावे. तप्त टर्बोत अडकलेले तेल जळून कोळसा होण्याचे त्यामुळे टळते. आणि तेल वेळेवर बदलावे, यात काटकसर नको.

आता गाण्याकडे वळू. येथे घरी करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते मुलांनी करावे असेच आम्हांस वाटते. बहुतेक जण प्रथम मोठा अँप्लिफायर आणतात. खरे पाहता दोष दाराचा असतो. दाराच्या आतील पत्र्याला मोठी भोके असतात. स्पीकरच्या मागचा आवाज त्यांतून पुढे येऊन पुढच्या आवाजास खाऊन टाकतो, आणि पत्रा वेगळाच खडखडतो. ती भोके बंद करून पत्र्यावर ब्यूटिलची चिकट पट्टी लावली, तर जुनेच स्पीकर नव्यासारखे बोलू लागतात. मात्र काच खाली येण्याची वाट आणि तळाची पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. नाहीतर पावसाळ्यात दार गंजेल.

अँप्लिफायर घ्यायचाच तर हिशेब करावा. ५०० वॅटचे यंत्र १२ व्होल्टवर चाळीस अँपिअरांहून अधिक वीज ओढते. बारीक तार तापते, तिचे आवरण वितळते आणि गाडीस आग लागते. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच फ्यूज असला पाहिजे. तो अँप्लिफायरजवळ लावून मधल्या तारेचे रक्षण होत नाही. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार मिळते. मलांजखंडची तांब्याची खाण जवळ असलेल्या बैहरकरांनी तरी अस्सल तांबेच घ्यावे!

आवाज किती? ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कानास सोसवतो, असे तज्ज्ञ मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे शंभराला केवळ पंधरा मिनिटे. मिटलेल्या काचांच्या मोटारीत शंभर गाठणे मुळीच अवघड नाही, आणि गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही. शिवाय मुक्कीच्या बाजूस कान्हाचे अरण्य आहे; तेथे रस्त्यावर केव्हा चितळ येईल याचा नेम नाही.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, कारखानदाराने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये असाच निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. फाटका सायलेन्सर लावून गावभर गर्जना करणारे याच जाळ्यात सापडतात, आणि त्यांच्याविषयी आम्हांस फारशी सहानुभूती नाही.

सहानुभूती वाटते ती खऱ्या कारागिराविषयी. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहाराने सुमारे साठ हजार रुपयांत भंगारातून लहानशी चारचाकी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे लाथ मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण नियमांत न बसल्यामुळे ती गाडी आज ना उद्या अडविली जाईल, हेही स्पष्ट सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबास ती मिळाली.

बैहरच्या चिरंजीवांना बोलेरो कोणी देणार नाही. त्यांनी दारापासून आरंभ करावा, स्पीकर व तारेची बिले जपून ठेवावीत आणि विम्याचे नूतनीकरण करताना ती दाखवावीत. थोडा अधिक हप्ता भरून असे सामान विम्यात घेता येते.