आधी गंज, मग ब्रेक, शेवटी इंजिन

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्या अनेकांची पसंती फोर्ड मस्टँगला असते. 17 एप्रिल 1964 रोजी बाजारात आलेल्या या देखण्या गाडीचे सुटे भाग आजही नव्याने बनतात.

खरी डोकेदुखी गंजाची. विंडशील्डखालच्या जाळीतून शिरणारं पाणी आतला पत्रा खातं आणि थेट पायाशी ठिबकतं. गालिचा उचलावा, जाळीत पाणी ओतावं. खाली ओल दिसली तर पत्रा कापून वेल्डिंग अटळ.

मग ब्रेक. 1966 पर्यंतच्या मॉडेलमध्ये चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट होतं. पाइप फुटला, की सगळेच ब्रेक गेले! म्हणून व्ही-8 इंजिनाची ताकद वाढवण्याआधी दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायलाच हवेत.