पाण्यात जळणारी मेणबत्ती

फोटोच्या जुन्या चौकटीतली काच काढा आणि दोन डब्यांच्या आधाराने टेबलावर उभी करा. काचेच्या अलीकडे मेणबत्तीचा बुटका तुकडा लावा. पलीकडे, बरोबर समोर, काचेचा उंच रिकामा पेला ठेवा. अंतर फूटपट्टीने मोजा: अलीकडे 20 सेंटिमीटर, तर पलीकडेही 20. मेणबत्ती दिसू नये म्हणून तिच्या आड एखादं जाडजूड पुस्तक उभं करा, प्रेक्षकांना जरा बाजूला बसवा आणि खोलीतले दिवे घालवा. आता पेल्यात हळूहळू पाणी ओता. पाणी चढतं, ज्योत बुडते आणि तरीही जळतच राहते. पेल्यात बोट घातलंत तर ते थेट ज्योतीत शिरलेलं दिसतं. बाहेर येतं ते नुसतं ओलं होऊन.

साधी काच समोरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 8 टक्के परत पाठवते, बाकीचा बहुतेक आरपार जातो. एवढासा परतलेला उजेड दिवसा कुणाच्या लक्षातही येत नाही. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला, की खिडकीत बाहेरच्या शेतांऐवजी आपलाच चेहरा दिसू लागतो. काच तीच असते. तिची खिडकी व्हायची की आरसा, हे कुठल्या बाजूला उजेड जास्त आहे त्यावर ठरतं. आपल्या प्रयोगात ती एकाच वेळी दोन्ही होते. मेणबत्तीचा आरपार गेलेला उजेड पेला उजळवतो आणि परतलेला उजेड ज्योत दाखवतो.

सपाट आरशातली प्रतिमा वस्तू जितकी पुढे तितकीच मागे दिसते, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्या वाक्याची खरी गंमत इथे कळते. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. ज्योत पेल्यातून हलत नाही. पेला दोन बोटं मागे सरकवा, की जादू संपली. फार तिरकं पाहिलंत तर एकीमागे दुसरी अशा दोन ज्योती दिसतील, कारण काचेचे पुढचे आणि मागचे असे दोन्ही पृष्ठभाग परावर्तन करतात.

याच युक्तीने 24 डिसेंबर 1862 रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये भूत अवतरलं. नाटक डिकन्सच्या ‘द हाँटेड मॅन’वर आधारलेलं होतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, पण तिच्यासाठी नाट्यगृहच वेगळं बांधावं लागलं असतं. जॉन हेन्री पेपर यांनी ती नेहमीच्या रंगमंचावर बसवली. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये भलीमोठी काच तिरकी उभी केली आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात लपलेल्या नटावर प्रखर झोत टाकला. झोत वाढवला की भूत प्रकटे, कमी केला की विरून जाई. मंचावरच्या नटाला मात्र ते दिसतच नसे. बिचारा रिकाम्या हवेत अंदाजाने तलवार चालवी. नाव झालं ते ‘पेपरचं भूत’ असं. डर्क्स यांच्यावर हा अन्यायच म्हणायचा.

हे भूत अजून निवृत्त झालेलं नाही. 2012च्या गुजरात निवडणुकीत नरेंद्र मोदी एकाच वेळी अनेक ठिकाणच्या मंचांवर भाषण करताना दिसले, ते काचेऐवजी ताणून बसवलेल्या पारदर्शक पटलामुळे. मोबाइलवर प्लास्टिकचा छोटा पिरॅमिड ठेवून फुलपाखरू तरंगवतात, तेही हेच. त्याला सर्रास ‘होलोग्राम’ म्हणतात, ते चूक आहे. होलोग्राममध्ये वस्तूच्या बाजूंवर डोकावता येतं. इथे पडद्यावरचं सपाट चित्रच काय ते परावर्तित होतं. माझं मत विचाराल तर पाण्यातली मेणबत्ती त्याहून सरस, कारण तिच्यात ज्योतीची खोलीही दिसते.

घरात लहान मुलं असतील तर मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवा वापरा, आणि काचेच्या धारदार कडांना आधी चिकटपट्टी लावून घ्या.