मोटारीतील हेडरेस्ट आणि ग्रीवारक्षण

मन्याशूलाने पीडित रुग्ण चिकित्सालयात आला की आपण त्याच्या आहाराची, निद्रेची, उशीच्या उंचीची, संगणकापुढील बैठकीची आणि दुचाकीवरील प्रवासाची सविस्तर चौकशी करतो. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा आरंभ असल्याने ही चौकशी अत्यावश्यकच होय. तथापि जो रुग्ण दररोज दोन-तीन तास मोटारीत व्यतीत करतो, त्याच्या मोटारीतील आसनाविषयी, विशेषतः आसनाच्या माथ्यावरील हेडरेस्टविषयी, सहसा प्रश्न विचारला जात नाही. महानगरांतील वाढती अंतरे, वाहतुकीची कोंडी आणि द्रुतगती मार्गावरील प्रवास पाहता हा विषय वैद्यवर्गाने दृष्टीआड करण्याजोगा राहिलेला नाही.

हेडरेस्टविषयी दोन प्रकारच्या अडचणी संभवतात. पहिली सुखासनाची. मान पुढे ढकलली जाते, मानेच्या मागे कड रुतते, लांबच्या प्रवासानंतर खांदे अवघडतात. ही अडचण रुग्णास रोज जाणवते, म्हणून तो आपण होऊन सांगतो. दुसरी अडचण सुरक्षेची. हेडरेस्ट फार खाली राहिलेले असते, डोक्यापासून दूर असते किंवा काढूनच ठेवलेले असते. हिची जाणीव अपघाताच्या क्षणापर्यंत होत नाही. म्हणून रुग्ण ती सांगत नाही, वैद्यानेच विचारावी लागते. पहिली अडचण दूर करताना दुसरी ओढवून घेतली जाऊ नये, हे सहव्यावसायिकांपुढे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हेडरेस्टचे खरे कार्य

‘रेस्ट’ या शब्दामुळे हे साधन विश्रांतीसाठी, म्हणजे एक प्रकारची उशी म्हणून दिलेले आहे असा समज रूढ झाला आहे. तंत्रज्ञ मात्र त्यास ‘हेड रिस्ट्रेंट’ म्हणतात. रिस्ट्रेंट म्हणजे रोखून धरणारे. मागून धडक बसली असता डोके मागे फेकले जाऊ नये, यासाठी त्याची योजना आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून निर्माण होणाऱ्या प्रवासी मोटारींच्या पुढील दोन्ही बाजूंच्या आसनांवर ते सक्तीचे करण्यात आले. मागील धडकेने मानेस होणाऱ्या या इजेस तिकडे ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटकारा, असे नाव आहे. हा शब्द १९२८ साली हॅरॉल्ड क्रो या अस्थिशल्यचिकित्सकांनी प्रथम योजिला.

मागील धडकेत ग्रीवेचे काय होते?

सिग्नलपाशी थांबलेल्या मोटारीस मागून दुसरे वाहन येऊन धडकते, असे समजू. आसनाची पाठ धडाला एकदम पुढे लोटते. डोके मात्र जडत्वामुळे आहे तेथेच राहू पाहते. प्रौढ मनुष्याच्या मस्तकाचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते आणि तो सारा भार ग्रीवेच्या सात मणक्यांवर तोललेला असतो. धड पुढे आणि डोके मागे, अशा स्थितीत ग्रीवेवर विपरीत ताण पडतो.

पूर्वी असे मानले जाई की मान केवळ मागे वाकते आणि त्या अतिवाकण्यानेच इजा होते. येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून वेगळे चित्र पुढे आले. धडकेनंतरच्या पहिल्या काही क्षणांत ग्रीवेस इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दुहेरी बाक येतो. खालचे मणके मर्यादेबाहेर मागे वाकतात, तर वरचे पुढे वाकतात. हे सर्व सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात घडते. मनुष्यास सावध होऊन मान ताठ करण्यास एवढ्या काळात अवसरच मिळत नाही. यास्तव डोक्यास आधार देणारी वस्तू आधीपासूनच योग्य उंचीवर आणि डोक्याच्या निकट असली पाहिजे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी ३७ मर्मे ऊर्ध्वजत्रुगत आहेत. शिर व ग्रीवा यांच्या संधीवरील कृकाटिका ही दोन मर्मे वैकल्यकर मानली असून त्यांच्या आघाताने मस्तक स्थिर राहत नाही, असे लक्षण तेथे दिले आहे. शिर आणि ग्रीवा यांच्या सांध्याकडे आपल्या आचार्यांनी किती सूक्ष्मतेने पाहिले होते, हे यावरून ध्यानात येते. मोटारीतील हेडरेस्टचे प्रयोजन याच प्रदेशाचे रक्षण करणे हे आहे.

उंची आणि अंतर

हेडरेस्टची योग्यता मुख्यत्वे दोन मापांवर ठरते. पहिले उंचीचे, दुसरे डोक्याचा मागील भाग आणि हेडरेस्ट यांमधील अंतराचे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने वापरलेल्या निकषांनुसार हेडरेस्टची वरची कड टाळूच्या पातळीपासून ६ सेंटिमीटरहून अधिक खाली नसावी आणि मधले अंतर ७ सेंटिमीटरहून अधिक नसावे, तरच ते ‘उत्तम’ गणले जाते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकी शासनाने जाहीर केलेला व पुढे टप्प्याटप्प्याने लागू झालेला नियम याहून कडक आहे. त्यानुसार पुढील आसनांचे हेडरेस्ट किमान ८०० मिलिमीटर उंचीपर्यंत येऊ शकले पाहिजे आणि अंतर ५५ मिलिमीटरच्या आत असले पाहिजे. युरोपातील ‘युरो एनकॅप’ या चाचणीच्या एकूण गुणांकनात २००९ पासून व्हिपलॅशपासून मिळणाऱ्या संरक्षणाचाही समावेश आहे.

रुग्णास मिलिमीटर सांगून उपयोग नाही. त्यास स्वांगुल प्रमाणाने सांगावे. आसनावर नेहमीप्रमाणे बसून डोके सरळ ठेवावे आणि दुसऱ्या व्यक्तीने डोके व हेडरेस्ट यांच्यामध्ये आडवी बोटे धरून पाहावीत. चार बोटांहून अधिक मोकळी जागा नसावी. कमी असल्यास अधिक चांगले. वरची कड टाळूच्या पातळीस यावी. ते शक्य नसल्यास निदान कानांच्या वरच्या टोकाखाली तरी ती कदापि राहू नये. उंची बदलल्यावर खिट्टी अडकल्याची खात्री करावी, अन्यथा आघातासमयी हेडरेस्ट खाली घसरते.

ही दक्षता किती आवश्यक आहे, हे एका जुन्या मूल्यमापनावरून कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९८२ साली काढलेल्या निष्कर्षानुसार आसनाशी अखंड असलेल्या उंच हेडरेस्टमुळे मागील धडकेतील इजा १७ टक्क्यांनी घटली, तर वर-खाली करता येणाऱ्या हेडरेस्टमुळे केवळ १० टक्क्यांनी. कारण उघड होते. बहुतेक लोक ते सर्वांत खालच्या स्थितीतच ठेवीत. साधन होते, परंतु त्याचा यथायोग्य उपयोग केला जात नव्हता.

पुढे आसनांची रचनाही सुधारली. साब कंपनीने १९९७ मध्ये आणि व्होल्वोने १९९८ मध्ये धडक बसताच डोक्यास लवकर आधार देणारी आसने बाजारात आणली. स्त्रियांमध्ये या इजेचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते, हेही येथे नमूद करणे उचित होईल.

असुविधेची कारणे व उपाय

मधले अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांत अनेक नव्या मोटारींचे हेडरेस्ट पुढे झुकलेले दिसते. त्यामुळेच मान पुढे ढकलली जाण्याची तक्रार वाढली आहे. अंतराचे मापन करताना आसनाची पाठ सुमारे २५ अंश मागे कललेली धरली जाते. प्रत्यक्षात मात्र कित्येक चालक, विशेषतः कमी उंचीच्या स्त्रिया, समोरचा रस्ता नीट दिसावा म्हणून पाठ पुष्कळ ताठ करून बसतात. पाठ जितकी ताठ, तितके हेडरेस्ट डोक्याच्या पुढे येते. येथे पहिला उपाय आसनाची पाठ थोडी मागे कलवणे आणि आवश्यक तर बैठकीची उंची वाढवणे हा होय. हेडरेस्टचा कल बदलण्याची सोय असल्यास तिचा उपयोग करावा. हेडरेस्ट खालच्या स्थितीत राहिल्यानेही कड मानेत रुतते. अशा वेळी ते वर उचलताच तक्रार पुष्कळदा शमते.

वेणी, अंबाडा, केसांचा मोठा चाप अथवा पगडी यांमुळेही डोके पुढे लोटले जाते. अशा रुग्णास प्रवासात केस सैल अथवा मानेखाली बांधण्यास सांगावे. वार्धक्यात पाठीस बाक आलेला असल्यास हेडरेस्टपर्यंत डोके पोहोचतच नाही आणि अंतर वाढते. येथे आसनाची पाठ अधिक मागे न कलवता पाठीमागे पातळ, घट्ट घडी देऊन बैठक सुधारावी.

बाजारात मिळणाऱ्या मानेच्या उशा हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. हेडरेस्टला बांधलेली जाड उशी मानेच्या पोकळीत बसते आणि डोके मात्र तिच्यावर निराधार राहते. धडकेच्या वेळी डोके तिच्यावरून मागे वाकण्याची भीती असते. रुग्णास सुखकर वाटते, एवढ्यावरून अशी उशी सुचविणे योग्य नाही.

सर्वांत घातक उपाय म्हणजे हेडरेस्ट काढून डिकीत टाकणे किंवा उलटे बसविणे. उलटे बसविल्याने मधले अंतर वाढते आणि त्याची रचना ज्या आघातासाठी केली, त्यासाठी ते निरुपयोगी ठरते. मागील आसनांवरील काही हेडरेस्ट खाली दाबलेल्या स्थितीत प्रवाशाच्या पाठीस मुद्दाम टोचतील अशी घडवलेली असतात. बसणाऱ्याने ते वर उचलावे, हाच त्यामागील संकेत होय. अनेक गाड्यांत मागील मधल्या जागेस हेडरेस्ट नसते. अशा वेळी मानदुखीच्या रुग्णास तेथे बसवू नये. हेडरेस्टचे गज मोटारीची काच फोडण्यासाठीच दिलेले आहेत, असा संदेश भ्रमणध्वनीवरून वारंवार फिरतो. तोही निराधार आहे. गज उंची कमी-अधिक करण्यासाठी असतात.

अपघातोत्तर रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

मागील धडकेनंतर मानेची वेदना तत्काळ जाणवेलच असे नाही. ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होते. म्हणून ‘मान अवघडली’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णास नजीकच्या काळात वाहनास धक्का बसला होता काय, हे अवश्य विचारावे. निदानस्थानात वर्णिलेल्या मन्यास्तंभात दिवास्वाप, विषम आसन आणि ऊर्ध्वनिरीक्षण यांनी प्रकुपित वात कफाने आवृत होतो. अभिघातज ग्रीवाशूलात हेतू आगंतु आहे. तेथे व्यथा प्रथम आणि दोषवैषम्य नंतर, हा क्रम असतो. लक्षणे सारखी दिसली तरी दोहोंची चिकित्सा एकाच साच्यात बसविता येत नाही.

१९९५ साली कॅनडातील क्वेबेक येथील कृतिगटाने या विकाराच्या श्रेणी निश्चित केल्या. केवळ वेदना, त्यासह स्पर्शासहत्व व हालचालींची मर्यादा, त्यापुढे नाडीसंस्थेची लक्षणे आणि शेवटी अस्थिभंग अथवा संधिच्युती, असा हा चढता क्रम आहे. पहिल्या दोन श्रेणींतील रुग्णच आपल्या चिकित्सेचे क्षेत्र होत. रुग्णाचे वय ६५ वा अधिक असल्यास, हातापायांत बधिरता वा मुंग्या असल्यास, बलहानी असल्यास, मणक्यांवर मध्यभागी दाबल्यास तीव्र वेदना होत असल्यास, मान दोन्ही बाजूंस ४५ अंश वळत नसल्यास किंवा अपघातसमयी शुद्ध हरपली असल्यास क्ष-किरण परीक्षणासाठी त्वरित पाठवावे. अस्थिभंगाची शंका फिटेपर्यंत मर्दन, ग्रीवाबस्ती अथवा मान झटक्याने वळवणे यांपैकी काहीही करू नये. सौम्य रुग्णास मात्र दीर्घकाळ पट्टा बांधून मान निश्चल ठेवण्याचा सल्ला देऊ नये. शक्य तितक्या लवकर नित्य हालचाली सुरू करणेच हितकर ठरते.

चिकित्सालयातील चार प्रश्न

वरील विवेचनाच्या आधारे मन्याशूलाच्या रुग्णपत्रिकेत पुढील चार प्रश्नांचा अंतर्भाव करावा, अशी आमची सूचना आहे. मोटारीत आपण कोणत्या जागी बसता? हेडरेस्टची वरची कड टाळूपर्यंत येते काय? डोके व हेडरेस्ट यांत किती बोटे बसतात? ते कधी काढले, उलटे केले वा त्यावर उशी बांधली आहे काय? या चौकशीस दोन मिनिटेही लागत नाहीत. एकाच मोटारीत पती-पत्नी वा चालक-मालक आळीपाळीने बसत असतील, तर प्रत्येकाने बसताना आरसा लावतो तसेच हेडरेस्टही लावावे, हेही सांगावे.

ग्रीवाबस्ती, नस्य व स्नेहन यांनी जे साधायचे, ते रुग्ण मोटारीत रोज दोन तास चुकीचे बसून घालवीत असेल तर चिकित्सा लांबते. आणि मान अवघडते म्हणून त्याने हेडरेस्टच काढून टाकले, तर एखाद्या धडकेत असे वैकल्य येऊ शकते की ज्यावर आपल्यापाशी उपाय उरत नाही. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. तीर्थयात्रेस, विवाहास वा कामावर मोटारीने निघालेल्या आपल्या रुग्णांच्या बाबतीत ते आसनाच्या माथ्यावरील खिट्टीपर्यंत नेण्यास सर्व वैद्यबंधू-भगिनींनी प्रारंभ करावा, ही विनंती.